हाताला पाठ झालेलं तोंड

दवाखान्यातल्या वजनकाट्याला कापडी झोळी टांगलेली होती. इतर वेळी चिमी त्या झोळीत पाय झाडायची, रडून दवाखाना डोक्यावर घ्यायची, काटा ठरता ठरायचा नाही. त्या सकाळी मात्र ती धुतल्या कपड्याच्या बोळ्यासारखी गुमान पडून राहिली आणि काटा लगेच थांबला. नर्सबाईंनी काट्याच्या काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही. मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि चिमीच्या आईकडे बघितलं.

"मागच्या खेपेपेक्षाही उतरलीय. काय खाते ही?"

"सगळं खाते बाई. दुपारी वाटीभर मऊ भात, संध्याकाळी कुस्करलेला बटाटा नाहीतर दूध-बिस्कीट. वाटी चाटूनपुसून साफ होते."

"वाटी साफ होते ना? मग वाटीचंच वजन करायला आण." मागच्या रांगेतली एक बाई फिसकन हसली. नर्सबाई हसल्या नाहीत. त्यांनी चिमीचा दंड दोन बोटांत धरून बघितला. "पुढच्या महिन्यात असंच दिसलं तर मोठ्या दवाखान्यात ठेवावी लागेल. तिथे पहिला प्रश्न आईलाच विचारतात, एवढं ध्यानात ठेव."

चिमीला कडेवर घेऊन आई घरी निघाली. पोर एवढी हलकी झाली होती की वाटेत दोनदा तिने हात लावून बघितलं, कडेवर आहे ना म्हणून.

घर म्हणजे दोन खोल्या, तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला. तिचा नवरा बर्फाच्या कारखान्यात होता. तो दुपारी कामावर जायचा आणि रात्री गार हातांनी परत यायचा. ही जागा घेतली तेव्हा भिंतीला मोठा टीव्ही तसाच लटकत होता. मालक म्हणाले होते, "आधीचे भाडेकरू ठेवून गेले. चालू आहे. वापरा." नवरा खूश झाला होता. "घर भाड्याने, करमणूक फुकट," असं तो दोन दिवस सगळ्यांना सांगत होता. चालता टीव्ही कुणी मागे का ठेवून जाईल, हे दोघांनीही विचारलं नव्हतं. फुकटच्या गाईचे दात कोण मोजतं?

आणि त्या टीव्हीने तिची मोठीच अडचण सोडवली होती. चिमी जेवायला महाखट. चमचा दिसला की ओठ शिवल्यासारखे मिटायची. पण मालिका लागली, नाव येण्याआधीचं ते गाणं वाजलं, की डोळे पडद्याला चिकटायचे आणि तोंड आपोआप उघडायचं. इमारतीतल्या सगळ्या आया हेच करत होत्या. संध्याकाळी ते गाणं सुरू झालं की जिन्यात वरपासून खालपर्यंत एकच सूर घुमायचा आणि घराघरात ताटं वाढली जायची. ज्याची संध्याकाळ चुकली, त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी तोच भाग पुन्हा दाखवायचे. ती दोन्ही वेळा बघायची. एकदा स्वतःसाठी आणि एकदा, तिच्या म्हणण्याप्रमाणे, पोरीसाठी.

त्या मालिकेत तेव्हा थोरल्या जावेने धाकटीच्या दुधात विष कालवलं होतं. धाकटी पेला उचलायची. पेला ओठांपर्यंत यायचा. ढगांचा गडगडाट व्हायचा, घरातल्या सगळ्यांचे चेहरे एकेक करून दाखवायचे आणि भाग संपायचा. दुसऱ्या दिवशी पेला पुन्हा टेबलावरून उचलला जायचा. आठवडा होत आला तरी बाई दूध पीत नव्हती की ठेवत नव्हती.

"त्या दुधाची आता साय झाली असेल," खालच्या मजल्यावरची शिंपीणकाकू म्हणायची. पण एकही भाग चुकवायची नाही.

तर भरवायची तिची रीत अशी: दुपारी पडद्यावर उजेड पडू नये म्हणून खिडकीचा पडदा ओढायचा. खोलीत अंधुक व्हायचं. खाटेला पाठ लावून चटईवर बसायचं, उजव्या हाताला छोट्या स्टुलावर चिमी. डाव्या हातात वाटी. घास ओठाला लावून बघायचा, फार गरम नाही ना, आणि मग "आ कर" म्हणून चमचा उजवीकडे न्यायचा. वळून बघायची गरज नसायची. हाताला तोंड पाठ झालं होतं. चमचा जायचा, रिकामा परत यायचा. शेवटी चमच्याला जे लागलेलं असेल ते स्वतः चाटून टाकायचं. आईला पोरीच्या उष्ट्याची कसली आलीय किळस?

अलीकडे एवढंच झालं होतं की चमचा धुतला तरी बुळबुळीत लागायचा. राखेने घासला, गरम पाण्यात उकळला, तरी बोट फिरवलं की पातळ शेंबडासारखा थर. आणि चटईवर, स्टुलाच्या बाजूला, तिच्या कोपरापाशी, एक ओला डाग पडायचा. वाळला की पिवळा, पेज सांडल्यासारखा कडक व्हायचा. दूध घालून झाकण लावून विसरलेली बाटली उघडावी तसा त्याला वास यायचा. ती मनात म्हणायची, दात येताहेत पोरीला, लाळ गळते. चटई घासून धुवायची. दुसऱ्या दिवशी डाग तिथेच.

रविवारी मालिका नसायची. त्या रविवारी नणंद आली. नवऱ्याची थोरली बहीण, स्वतःची तीन पोरं वाढवून रिकामी झालेली. चिमीला मांडीवर घेऊन तिने तिच्या फासळ्यांवरून बोट फिरवलं, हार्मोनियमच्या पट्ट्यांवरून फिरवावं तसं.

"वाटीभर खाते म्हणतेस ना? भरव बघू माझ्यासमोर."

तिने भात कालवला, चमचा पुढे केला. चिमीने ओठ मिटले. बंद टीव्हीच्या काळ्या काचेकडे बघत राहिली. विमान झालं, चिमणी झाली, डोळे वटारून झाले. एक शीत आत गेलं नाही.

"आज मालिका नाही ना ताई, म्हणून..." तिच्या तोंडून निघून गेलं आणि तिलाच लाज वाटली.

नणंदेने वाटी बाजूला सारली. मग म्हणाली, "मी वाईट बोलत नाही हं. पण पोर मरायला टेकल्यावर बोलण्यात अर्थ नाही. पुढच्या वजनापर्यंत बघते. नाहीतर मी घेऊन जाते हिला. माझा भाऊ नाही म्हणणार नाही." नवरा दारात बसून चपलेचा अंगठा शिवत होता. त्याने मान वर केली नाही. त्याचा अर्थ तिला कळला.

सोमवारी दुपारी तिने भात आणखी मऊ शिजवला, वाटी काठोकाठ भरली. आज एकेक घास मोजून मापून घालायचा, असं ठरवूनच बसली. पण गाणं वाजलं, धाकटीने पेला उचलला, आणि शनिवारी बघितलेलाच भाग असूनही आज ती खरंच पिणार असं वाटत होतं. थोरली जाऊ पडद्याआडून बघत होती. चिमीच्या आईची मान टीव्हीकडे वळली ती वळलीच. हात आपलं काम करत होता. वाटीतून उजवीकडे, उजवीकडून वाटीत. "आ कर... शहाणी गं माझी... आ कर..."

पेला ओठांना लागला. चमचाही तोंडात गेला.

तेवढ्यात दारातून शिंपीणकाकूचा आवाज आला.

"अगं, दार सताड उघडं टाकून काय बसलीस? ही बघ, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती. एक पाय खाली सोडला होता. मी आले नसते तर..."

तिने मान दाराकडे फिरवली. काकूच्या कडेवर चिमी होती. मुठीत कापडाची चिंधी धरून, कोरड्या तोंडाने.

"आणि तू..." काकूचा आवाज खाली आला, "तू कुणाला भरवतेयस?"

चमचा अजून तोंडात होता.

तिने उजवीकडे बघितलं नाही. बघवलं नाही. पण हाताला सगळं कळत होतं. जाड ओठ चमच्याभोवती मिटले होते. ऊन, ओले ओठ. आत कुणीतरी जीभ फिरवत होतं, सावकाश, चमच्याच्या खालून, कडेकडेने, एक कण सुटू नये अशी. मग दात लागले. चिमीला सगळे मिळून चार दात, तांदळासारखे. हे दात रुंद होते, आणि एक दोन नव्हते. ते स्टीलवर घासले गेले. कर्र... तो आवाज काकूनेही ऐकला.

मग तोंडाने चमचा सोडला. लहान मुलाने स्तन सोडावा तसा, चुप् करून.

तेव्हा तिने बघितलं. स्टूल रिकामं होतं. चमचा लख्ख. आणि चमच्याच्या टोकापासून लाळेची एक जाड तार लोंबत पुढे गेली होती, हातभर, मधोमध झोल पडलेली. तिचं दुसरं टोक हवेत होतं. कशालाच लागलेलं नव्हतं, पण खाली पडत नव्हतं. टीव्हीच्या उजेडात ती तार निळी, मग पांढरी दिसली. मग ती तुटली आणि चटईवर, नेमकी त्या डागावर पडली.

खोलीभर वास सुटला. कित्येक दिवस चूळ न भरलेल्या तोंडाचा वास, आणि त्यात तिने थोड्या वेळापूर्वी स्वतः शिजवलेल्या भाताचा.

"तुम्ही बघितलंत ना... काकू?"

काकूने चिमीचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं होतं. "बाहेर ये," एवढंच म्हणाली. "वाटी तिथेच ठेव. बाहेर ये आधी."

ती उठली आणि मोरीपर्यंत पोचायच्या आत ओकली. मोरीत पुन्हा ओकली. कारण तिला आठवलं होतं की रोज, दोन्ही वेळा, शेवटचा चमचा ती स्वतः चाटायची. एक दिवस नव्हे. महिने. तिने साबणाने जीभ घासली. मिठाने घासली. जिभेवरचा तो बुळबुळीतपणा जाईना.

काकूच्या खोलीत शिलाईयंत्राशेजारी बसवून काकूने तिला पाणी दिलं. चिमी जमिनीवर चिंध्यांशी खेळत होती. काकूने यंत्राचं चाक उगाच हाताने फिरवलं.

"तुमच्या आधी त्या खोलीत एक म्हातारी होती, मुलगा आणि सून. म्हातारी अंथरुणाला खिळलेली. तिचंही हेच. मालिका लावली तरच तोंड उघडायची. सून भरवायची. मी स्वतः बघितलंय, वाटीभर भरवायची. आणि म्हातारी वाळत चालली. शेवटी उचलली तेव्हा काय होतं गं अंगावर, नुसती काटकी. लोक सुनेला नको नको ते बोलले. उपाशी मारली म्हणाले. मुलगा तिच्याशी बोलेना. ती बिचारी रिकामी वाटी दाखवून शपथा घ्यायची." काकूने चाक थांबवलं. "मीही बोलले होते चारचौघांत. खोटं कशाला सांगू."

"म्हातारीचंच भूत का मग, काकू?"

"म्हातारी तर जिवंत होती ना तेव्हा. तिच्या तोंडचा घास कुणी खाल्ला?"

वरच्या मजल्यावर टीव्ही तसाच चालू राहिला होता. ढगांचा गडगडाट झाला आणि भाग संपला.

"ते निघाले तेव्हा सुनेला मी विचारलं, टीव्ही ठेवून चाललात? तर म्हणाली, त्याला सवय लागलीय काकू, नेला तर मागे येईल. कुणाला सवय, म्हटलं. तिने ओठ असे मिटले... ही तुझी मिटते ना, तसे."

रात्री नवरा आला तेव्हा ती चिमीला घेऊन जिन्यात बसली होती. तिने सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आत जाऊन चटई नाकाशी धरली, लगेच लांब केली.

"उंदीर मेला असेल कुठेतरी."

"उंदराला दाढा असतात का एवढ्या?" तिने चमचा त्याच्यापुढे धरला. स्टीलचा चमचा, पण कडेला दबून त्यावर खाचा पडल्या होत्या. त्याने आपले पुढचे दात त्या खाचांशी लावून बघितले नाहीत, पण बघावं असं त्याच्या मनात आलं ते तिला दिसलं. "अहो, तुम्हाला टीव्ही हवा की पोरगी, एवढंच सांगा."

"असं कुठे असतं का गं..." तो म्हणाला. पण सकाळी भंगारवाला आला तेव्हा त्यानेच टीव्ही खाली उतरवला. ती मागोमाग गेली. भंगारवाल्याला म्हणाली, माझ्यासमोर फोडा. तो म्हणाला, बाई, चालता आहे, मी विकेन. ती हातगाडीला धरून उभी राहिली. शेवटी नवऱ्यानेच कारखान्यातून आणलेला बर्फ फोडायचा टोचा काचेत घातला. चटई तिने मागच्या मोकळ्या जागेत जाळली. ती जळताना भाताचा वास आला.

त्यानंतरचे दिवस तिचे तिलाच ठाऊक. भिंतीवर टीव्हीच्या जागी पांढरा चौकोन उरला होता, बाकी भिंत धुराने मळलेली. चिमी त्या चौकोनाकडे बघत बसायची आणि तोंड मिटायची. दोन घास जायचे, चार थुंकायची. ती पोरीसमोर मांडी घालून बसायची, डोळ्यांत डोळे घालून, चमच्याबरोबर नजर नेत. जीभ, दात, घास. घास आत गेलेला बघायची, गिळलेला बघायची. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की चिमीला मागे एक दाढ आली होती. केव्हा आली, हे तिला सांगता आलं नसतं. आपल्याच पोरीचं तोंड तिने कित्येक दिवसांत बघितलेलं नव्हतं.

एके दुपारी चिमीने भिंतीवरची नजर काढून तिच्याकडे वळवली. आणि आपणहून तोंड उघडलं. आईला रडू आलं. नजर मात्र घासावरून काढली नाही.

पुढच्या खेपेला झोळीत चिमीने पाय झाडले, भोकाड पसरलं. नर्सबाईंनी काटा ठरायची वाट बघितली. "हं. आता कशी वर आली? काय बदललंस?"

"बघून भरवते," ती म्हणाली.

"म्हणजे आधी काय डोळे मिटून भरवत होतीस?" नर्सबाई हसल्या. या वेळी रांगेतलं कुणी हसलं नाही. प्रत्येकीच्या हातात मोबाइल होता, प्रत्येकीची मान खाली, आणि मांडीवरच्या पोरांना त्या बिस्किटं भरवत होत्या. तिने त्यांच्या हातांकडे बघायचं टाळलं.

नणंद आली, चिमीचे गाल ओढले, "माझ्या धाकाने खायला लागली," म्हणाली. चिमीच्या आईने नणंदेला ते श्रेय खुशाल घेऊ दिलं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. चिमीला बाहेरच्या खोलीत हातात बिस्कीट देऊन बसवलं होतं. आता पोर स्वतःच्या हाताने खायची. मधलं दार उघडं. तिथून तिला चिमीची पाठ आणि शेंडी दिसत होती.

खालच्या मजल्यावर गाणं सुरू झालं. मग शेजारी. मग समोरच्या इमारतीतून, खिडक्या-खिडक्यांतून, एकामागून एक. थोरल्या जावेचं पितळ उघडं पडलं होतं म्हणे, आज धाकटी बोलणार होती. जेवणाची वेळ. ताटांचे आवाज आले. समोरच्या प्रत्येक खिडकीत निळा उजेड हलत होता. माणसं ओळीने बसलेली, हात ताटाकडून वर आणि वरून ताटाकडे, आणि एकाचीही नजर ताटात नव्हती. एका घरातून कुणीतरी ओरडून म्हणालं, "अजून वाढ गं, पोटच भरत नाही हल्ली."

तिने सुरी खाली ठेवली.

चिमीची मान वर झाली होती. भिंतीवरच्या पांढऱ्या चौकोनाकडे. ती रडली नाही, हलली नाही. तिने बिस्किटाचा तुकडा मोडला. उजवा हात बाजूला नेला, न बघता, मनगट किंचित वळवून. अगदी आईसारखा. मग हात परत आला. रिकामा. बोटं मुळापर्यंत ओली, चकाकत होती. जमिनीवर भुगा नव्हता.

चिमीने दुसरा तुकडा मोडला. तिचं स्वतःचं तोंड मिटलेलंच होतं.

मग ते उघडलं. घास घेण्यासाठी नव्हे. मायेने, समजावणीच्या सुरात, भिंतीवरची नजर न काढता तिने शेजारच्याला सांगितलं,

"आ..."